पान्हकांद्याचा कागद

१

शुक्रवारी सकाळी साडेदहाला संचालकसाहेबांनी दोनशे बारा नंबरचा कागद कपाटातून काढला, आणि त्यावर भलतंच झाड निघालं.

आधी मी कोण ते सांगतो. रुपराव भोयर, रामदासपेठेतल्या वनस्पती संशोधन केंद्राचा हेडक्लार्क. ही गोष्ट १९८१ च्या श्रावणातली. तेव्हा माझ्या नोकरीला सव्वीस वर्षं झाली होती. झाडातलं मला ओ की ठो कळत नाही, पण कागदातलं सगळं कळतं, आणि आमच्या केंद्रात झाडं कागदावरच असतात. रानातून आणलेलं झाड दाबून वाळवायचं, जाड पांढऱ्या कागदावर सुईदोऱ्यानं टाचायचं आणि खाली चिठ्ठी डकवायची. झाडाचं नाव, ठिकाण, तारीख, आणणाऱ्याचं नाव. चिठ्ठीत एक रकाना कोरा राहिला तर मी तो कागद परत पाठवत असे. लोक मला खडूस म्हणत, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

दोनशे बारा नंबरवर असायला हवा होता पान्हकांदा. आमच्या संशोधिका सुमती लांजेवार यांनी तो दोन वर्षांपूर्वी उमरेड तालुक्यातल्या सोनखांबच्या गायरानातून आणला होता. आटलेल्या गाईला पान्हा फुटावा म्हणून तिथले लोक हा कांदा चारतात. सुमतीबाईंनी तीन वर्षं त्या गावात काढली. बायजाबाई नावाच्या सत्तरीच्या शेतकरणीच्या मागे मागे फिरून गायरानातलं एकेक झाड समजून घेतलं, आणि मोठा अहवाल लिहिला. त्या गायरानात आता निलगिरी लावायची योजना होती. सोमवारी समिती बसणार होती. बाकीची झाडं इतरत्र मिळतात, पण पान्हकांदा फक्त इथंच आहे, म्हणून हे गायरान मोडू नका, असं अहवालाचं म्हणणं. म्हणजे सगळा डोलारा या एका कागदावर उभा होता.

संग्रहाचं काम पाहणाऱ्या प्रेमिला झाडे यांनी कागद खिडकीशी धरला.

"सर, ही तर काळी मुसळी. रामटेकच्या रानात हवी तेवढी मिळते."

साहेब सुमतीबाईंकडे वळले. "तुम्हाला झाड ओळखता येत नाही, की तुम्ही आम्हाला बनवलंत?"

"मी पान्हकांदाच आणला होता, सर. जांभळं फूल होतं त्याला."

"मग दुसरा आणा."

"फूल जेठात आठ दिवस असतं. आता नुसती पानं असतील, आणि पानं मुसळीसारखीच दिसतात. फुलाशिवाय समिती मानणार नाही."

"तर मग सोमवारी मी अहवाल मागे घेतो," साहेब म्हणाले. "आणि तुमचा राजीनामाही तयार ठेवा."

सुमतीबाई रडल्या नाहीत. त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी कागदावरची चिठ्ठी पुन्हा वाचून पाहिली. मला त्यांची फार दया आली. दया आली की माझ्या हातून नियमाबाहेरचं काहीतरी होतं, तसं त्या दिवशीही झालं. मी साहेबांना म्हणालो, "माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. बाहेर बोभाटा होणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

२

तो माणूस म्हणजे शालिकराम नंदनवार. विणकरांच्या सहकारी संस्थेत तीस वर्षं कापड तपासायचं काम केलेला. थानावर नुसता तळवा फिरवून मागावर कोण बसला होता ते सांगायचा, अशी त्याची ख्याती. निवृत्त झाल्यावर इतवारीतल्या घरी बसून लोकांच्या लहानसहान भानगडी सोडवत असे. बोलण्याची घाई नाही, चहाची मात्र फार.

दुपारी तो आला. त्यानं दोनशे बाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "याच्या आजूबाजूचे कागद आण," म्हणाला. सोनखांबच्या कपाटाची किल्ली साहेबांकडे होती. ती घेऊन मी वीस-पंचवीस कागद काढून दिले. त्यानं एकेक हातात घेतला, पालथा केला, परत सुलटा केला. मग शेवटी दोनशे बारा घेतला. पाठीमागच्या दोऱ्यावरून त्याचं बोट दोनदा फिरलं आणि एका जागी थांबलं.

"रुपराव, हे कायची भोकं हायेत गा?"

पानाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली होती. कसर लागली होती.

"बाकी एकाही कागदाले कसर नाही. यालेच काहून?"

प्रेमिलाबाई लगेच तडकल्या. "माझ्या संग्रहात कसर लागत नाही. प्रत्येक झाड टाचण्याआधी रसकापराच्या पाण्यात बुडवतो आम्ही. विष आहे ते. बाटली माझ्या कुलपात, आणि दर वेळची नोंद माझ्या सहीची."

"दोनशे बाराची नोंद हाय?"

त्यांनी वही आणली. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये नोंद होती, सहीसकट.

"म्हणजे पान्हकांद्याले विष लागलं होतं," शालिकराम म्हणाला. "अन् या मुसळीले नाही लागलं. श्रावणातल्या दमट हवेत बिनविषाचं पान किती दिवस टिकते बाई?"

"दोन आठवड्यांत भोकं पडायला लागतात." आणि म्हणता म्हणताच त्यांनी मुसळीच्या भोकांकडे पुन्हा पाहिलं.

सुमतीबाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे कुणीतरी बदललं!"

"थांब वं पोरी," शालिकराम म्हणाला. "साहेब म्हणतीन, आपली चूक उघडी पडते म्हणून तूच काही खटपट केली. पैले हे पाहू द्या का दोन साल आधी तू आनलं काय होतं. ते कोन सांगन?"

सांगू शकणारं माणूस एकच होतं, आणि ते त्याच दिवशी दुपारच्या एस.टी.नं नागपुरात उतरत होतं.

३

बायजाबाई समितीपुढं बोलायला आली होती आणि सुमतीबाईंच्या खोलीवर उतरली होती. शनिवारी सकाळी आम्ही तिला केंद्रात आणलं. बुटकी, काटक बाई. आत येताच तिनं भिंतीला लागलेल्या कपाटांकडे पाहिलं.

"यायच्यात झाडं हायेत? एवढे? बाप्पा!"

शालिकरामनं दोनशे बारा तिच्यापुढं ठेवला. तिला फुलाकडे पाहायची गरजच पडली नाही.

"हा मी नाही खंदला."

"काहून?"

"आख्खा हाय ना गा. माह्या हातचा कांदा आख्खा नसते."

मग तिनं समजावलं, आणि ते इतकं सोपं होतं की आम्ही तीन वर्षं ते कसं पाहिलं नाही याचंच मला नवल वाटलं. कुठलाही कांदा किंवा कंद खणला की तिथल्या तिथं विळ्यानं उभा चिरायचा. अर्धा आपण घ्यायचा. डोळा असलेला दुसरा अर्धा परत त्याच खड्ड्यात ठेवून माती सारायची. तिची आई तसंच करत होती, आजीही. औषध कुणासाठी आहे, घाई किती आहे, पाऊस आहे की ऊन, काहीही असो.

शालिकरामनं बाकीचे कागद फैलावले. सोनखांबचे एकोणीस कंद होते. एकोणीसच्या एकोणीस उभे चिरलेले, कागदावर सपाट बसलेले. करंगळीएवढा बारीक असला तरी चिरलेला. फक्त दोनशे बारा फुगीर.

"आम्हाला वाटायचं दाबायला सोपं जावं म्हणून चिरतात," प्रेमिलाबाई हळूच म्हणाल्या.

सुमतीबाईंनी बायजाबाईचा हात धरला. त्यांच्यावरचा आळ पुसला गेला होता. पण सोमवारी समितीला पुरावा लागणार होता आणि तो अजून बेपत्ताच होता.

बायजाबाई निघता निघता उंबऱ्याशी थांबली.

"तुम्ही लोकं कागदावर नेता, त्याचं मले काही नाही. सुमतीपोरगी अर्धाच घेते. पन तुमच्या मागून दुसरे येतात न, ते सारंच नेतात. मागच्या साली टेकडीवरची रक्तकांदी गेली. पोते घेऊन मान्सं आले, कोनाले काही पुसलं नाही, सिद्धे टेकडीच्या मांगं त्याच जाग्यावर गेले. दोन दिवसांत टेकडी उकरून टाकली. त्यायले जागा कोनं सांगतली?"

मी घड्याळाकडे पाहिलं, कारण मला तो प्रश्न आमच्या कामाचा वाटला नाही.

शालिकरामला मात्र वाटला. तो माझ्याकडे वळला. "रुपराव, तुह्या रजिस्टरात पाय. हा दोनशे बारा पाह्याले कोनं मांगतला होता का?"

४

माझं रजिस्टर कधी खोटं बोलत नाही. सहा जुलैला इतवारीतल्या एका जडीबुटीच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं होतं: दोनशे बारा नंबर पाहायला मिळावा. साहेबांनी परवानगी दिली. चोवीस जुलैला, शुक्रवारी दुपारी, त्यांचा माणूस येऊन कागद पाहून गेला. "काही कामाचं नाही," असं म्हणून दोन मिनिटांत निघालाही होता.

"अन् कपाटाले कुलूप कवा लागलं?"

"चोवीसलाच संध्याकाळी. त्या दिवशी समितीचं पत्र आलं. सोनखांबचे सारे कागद एका कपाटात घालून साहेबांनी किल्ली खिशात टाकली. ती काल सकाळीच बाहेर निघाली."

शालिकरामनं चहा मागितला. मग म्हणाला, "चाल, वाडीले जाऊ."

वाडीला अमरावती रोडवर, ट्रकांच्या गोदामांच्या मागे आमची रोपवाटिका. चंपतराव वानखेडे तिचे मुकादम. निलगिरीची चाळीस हजार रोपं पिशव्यांत उभी होती आणि सगळी सोनखांबसाठी ठेवलेली. या माणसाला सुमतीबाईंचा अहवाल नको होता हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं, कारण ते तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

"मले गायरान भेटलं त हे पोट्टे जगतीन," रोपांकडे हात करून चंपतराव म्हणाले. "नाही त पिशवीतच मरून राहिले. बरं वाटन का मले? पन नंदनवारभाऊ, मले कागदच नाहीसा कराचा असता त मी चुलीत घातला असता. सुई-दोरा घेऊन दुसरं झाड टाचत बसलो असतो का मी? माहे बोटं पाहा."

बोटं मातीनं भेगाळली होती, अंगठे नांगराच्या रुमण्यासारखे. त्यांनी कधी सुईत दोरा ओवला असेल असं वाटत नव्हतं.

परत येताना सिटी बसमध्ये मी म्हणालो, "मले प्रेमिलाबाईचा संशय येते. सुमतीबाईचं नाव झालं त यायच्या पोटात दुखते."

"ते खरं असन," शालिकराम म्हणाला. "पन त्या बाईच्या हातून बिनविषाचं झाड संग्रहात ठेवनं होनार नाही. रसकापूर तिच्याच कुलपात. आपल्या देवघरात कोनी घान टाकते का? अन् दुसरं आयक. अदलाबदल झाली चोवीस तारखेच्या संध्याकाळच्या आधी, कारन मंग किल्ली साहेबाच्या खिशात. समितीचं पत्र आलं चोवीसले. मुसळी दाबून वाळवाले कमीत कमी आठ-दहा रोज लागतात. म्हंजे ज्यानं केलं त्यानं तयारी केली तवा समिती बसनार हेच कोनाले माहीत नव्हतं."

कंडक्टर आला. मी दोघांची तिकिटं काढली.

"हे समितीसाठी केलंच नाही, रुपराव. गायरानासाठी नाही, सुमतीसाठी नाही. हे केलं दुसऱ्याच कोनाच्या डोळ्यासाठी."

"व्यापाऱ्याच्या मानसाच्या."

"तो येनार हे दोन-अडीच हप्ते आधी कोनाकोनाले माहीत होतं?"

मी मोजलं. पत्र घेणारा मी. परवानगी देणारे साहेब. आणि कागद काढून ठेव अशी माझी चिठ्ठी ज्याच्या हाती जाते तो.

तिसरं नाव मला घ्यावंसं वाटेना.

५

गिरिधर बोकडे आमच्याकडे झाडं टाचायचं काम करत असे. उमरेडच्या विणकर घरातला. बापाच्या मागावर वाढला, माग बंद पडल्यावर आमच्याकडे लागला. चाळिशीचा, अबोल. त्याच्या हातचा कागद पाहिला की मला समाधान वाटायचं, आणि मला फार कमी गोष्टींनी समाधान वाटतं.

शनिवारी चार वाजता बाकी सगळे गेले होते. गिरिधर खिडकीत बसून एक वेल टाचत होता. शालिकराम त्याच्याजवळ स्टूल ओढून बसला. दोघं एकाच धंद्याचे. उमरेडच्या धोतराच्या काठाबद्दल, खळ कशी शिजवावी याबद्दल बोलत राहिले. बोलता बोलता शालिकरामनं टेबलावरची कात्री उचलली आणि गिरिधरच्या सुईतला दोरा मध्येच कापला.

"अरे, चुकलं गा!"

"राहू द्या," गिरिधर म्हणाला. मान वर न करता त्यानं दोन्ही टोकं चिमटीत धरली, बोटं जराशी हलली, दातानं शेंडे तोडले, आणि दोरा पुन्हा अखंड झाला. गाठ डोळ्याला दिसत नव्हती. त्यानं टाका पुढं चालू ठेवला.

शालिकराम त्या हातांकडे पाहत होता. मग त्यानं दोनशे बारा नंबरचा कागद पालथा करून त्याच्यापुढं ठेवला.

"टोकाच्या गाठी पाय. बोराएवढ्या, ओबडधोबड. कोनीबी म्हनन का हे गिरिधरचं काम नाही. तू मुद्दाम तशा घातल्या. बरोबर केलं. पन मध्ये दोरा तुटला तुहा. दुसरा कोनी असता त तिथंच मोठी गाठ मारून नवा दोरा घेतला असता. तुह्या हातानं दोरा जोडला. इथं, पानाखाली, बोट लाव. मागावर ताना तुटला का विनकर तो जोडते, सोडत नाही. तुले आठवतही नसन तू जोडला ते."

गिरिधरनं बोट लावलं नाही. त्यानं सुई कागदात खोचली आणि हात मांडीवर ठेवले.

"पान्हकांदा घरी हाय," तो म्हणाला. "आईच्या लुगड्याच्या घडीत ठेवला. फूल साबूत हाय."

"काहून केलं गा?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "सुमतीबाईची नोकरी जाऊन राहिली, तिकडं गायरान जाऊन राहिलं!"

"मी परत लावनारच होतो, बाबू. तो मानूस पाहून गेला का दुसऱ्या रोजी सकाळीच. मुसळी पाहून त्याले वाटलं पाहिजे का बाजारातलीच चीज हाय, एवढंच मनात होतं. पन संध्याकाळीच साहेबानं कुलूप लावलं. मंग सांगतो म्हटलं त जीभ उचलेना. काल सुमतीबाई स्टुलावर बसल्या होत्या, मी इथून पाहून राहिलो होतो. रात्रभर झोप नाही मले."

"पन त्या मानसापासून लपवाचं काहून?" शालिकरामनं विचारलं, अगदी शांतपणे, जणू उत्तर त्याला आधीच माहीत होतं.

"मागच्या साली हाच मानूस आला होता. सत्त्याऐंशी नंबर पाह्याले. रक्तकांदी. मीच कागद काढून देल्ला. मंग दसऱ्याले गावी गेलो त लोकं सांगून राहिले, टेकडी उकरली, एक कांदा ठेवला नाही. बरोब्बर चिठ्ठीवर लिवली होती ती जागा. टेकडीची मागची बाजू, मोहाखाली, वीस पावलं. तो मानूस झाड पाह्याले नव्हता आला. चिठ्ठी पाह्याले आला होता. त्यानं चिठ्ठीची नक्कलही नेली, टाइप केलेली."

गिरिधर माझ्याकडे पाहत नव्हता. शालिकरामही नव्हता. मला वाटलं आता कुणीतरी विचारेल की नक्कल कुणी दिली. कुणी विचारलं नाही.

नक्कल मी दिली होती. अभ्यागतानं अर्ज केला तर चिठ्ठीची खरी नक्कल द्यावी, असा नियम आहे. मी ती स्वतः टाइप केली होती, शिक्का मारला होता, आणि ठिकाणाच्या रकान्यात एक शब्द गळला म्हणून पुन्हा पहिल्यापासून टाइप केली होती.

६

सोमवारी अकराला समिती बसली. पान्हकांदा रविवारीच परत कागदावर आला होता; साहेबांना आम्ही एवढंच सांगितलं होतं की कांदा सापडला. प्रेमिलाबाई स्वतः सुट्टीच्या दिवशी येऊन गिरिधरशेजारी बसल्या आणि प्रत्येक टाक्याची तारखेसह नोंद केली. सुमतीबाईंनी त्याला सांगितलं होतं, "तुम्ही काही बोलू नका. मी म्हणते, कागदांची सरमिसळ झाली."

पण अध्यक्षांनी विचारलं, "शुक्रवारी यावर काळी मुसळी होती असं कळतं. मग हे झाड अस्सल कशावरून?" तेव्हा दाराशी उभा असलेला गिरिधर पुढं आला आणि त्यानं काही न लपवता सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. सुमतीबाईंनी डोळे मिटून घेतले.

अध्यक्ष म्हातारे होते, झाडांच्या विषयातले जाणकार. भिंगातून त्यांनी फूल पाहिलं, मग कांद्याची चिरलेली बाजू.

"आजी, हा अर्धा का?"

"अर्धा तिथं ठेवला," बायजाबाई म्हणाली. "हा तुमचा कागद खोटा वाटत असन त तिथं येऊन पाय. दोन साल झाले, त्याच खड्ड्यातून तो परत फुटून राहिला. मी दाखवतो."

"आणि गायरानात असे किती आहेत?"

"मोजले नाही कधी. संपले नाही, एवढं मालूम हाय."

अध्यक्षांनी भिंग खाली ठेवलं. तीन दिवसांनी ते स्वतः दोन सभासदांसह सोनखांबला जाऊन आले, आणि पंधरा दिवसांनी लेखी निर्णय आला: गायरानाला हात लावू नये. चंपतरावांची रोपं रस्त्यांच्या कडेनं लावायला गेली. त्यांनी आठवडाभर कुरकुर केली आणि मग विसरले. पण हे पुढचं झालं. त्या सोमवारी समितीचे लोक जिना उतरले तसं साहेबांनी मला आत बोलावलं.

"गिरिधर बोकडेचा बडतर्फीचा मेमो टाइप करा. संग्रहातल्या नमुन्यात फेरफार. आजच्या तारखेनं."

मी टाइप केला. माझ्या कामात कसूर नसते. मग मशीनमध्ये दुसरा कागद घातला आणि त्यावर लिहिलं की सत्त्याऐंशी नंबरच्या चिठ्ठीची नक्कल अभ्यागताला मी दिली, त्यावरून सोनखांबची टेकडी उकरली गेली आणि तिथली रक्तकांदी संपली. याची जबाबदारी माझी. खाली सही केली. दोन्ही कागद साहेबांपुढं ठेवले.

साहेबांनी दुसरा कागद वाचला. पुन्हा वाचला.

"भोयर, हे तर नियमाप्रमाणे केलंत तुम्ही. यात गुन्हा कुठं आहे?"

"नियमाप्रमाणे केलं आणि टेकडी गेली, साहेब. त्यानं नियम मोडला आणि गायरान राहिलं. सही करायची असेल तर दोन्हीवर करा."

सव्वीस वर्षांत मी कुठल्याही साहेबांशी असं कधी बोललो नव्हतो. शेवटी त्यांनी दोन्ही कागद उचलून खणात टाकले. "यापुढं चिठ्ठीवर फक्त तालुका लिहायचा," म्हणाले. "बाकी ठिकाण वेगळ्या वहीत, आणि वही तुमच्या कुलपात. जा आता."

बाहेर व्हरांड्यात गिरिधर पिशवी घेऊन उभा होता. पिशवीत त्याची कात्री आणि सुया होत्या. मी त्याला म्हणालो, "परत नेऊन ठेव जागेवर." त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि आत गेला.

बायजाबाई पायरीवर बसली होती; तिच्या एस.टी.ला अजून वेळ होता. मी तिच्याशेजारी बसलो. परवा तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी तिला दिलं. म्हणालो, "जागा मी सांगतली, मावशी. कागदावर टाइप करून देल्ली."

ती रागावेल, निदान काही बोलेल असं वाटलं होतं. तिनं माझ्या इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं.

"तू कोनाचा गा?"

"शेतकऱ्याचाच. काटोलकडचे भोयर."

"मंग खंदता येत असन तुले. नाल्याच्या पलीकडं जराशी रक्तकांदी राहिली हाय, त्या लोकायले दिसली नाही. येत्या मिरगात ये. मी अर्धे अर्धे काढून देतो, तू टेकडीवर लाव. माह्या एकटीच्यानं आता चढनं होत नाही."

"किती दिवस लागतीन?"

"टेकडी भराले? दहा-बारा साल."

मी येतो म्हणालो. मला निवृत्तीला नऊ वर्षं होती, आणि वीस वर्षांत मी कुदळ हातात धरली नव्हती.